मुंगीची शिफारस

फॉर्म यायला लागले की पालकांच्या जिभेवर साखर पेरली जाते, असं बाई म्हणायच्या. एरवी पोराला दारातून आत ढकलून पाठ फिरवणारे बाप त्या महिन्यात थांबायचे, दार हळू लावायचे. आयांना एकाएकी बाईंच्या पाठदुखीची काळजी वाटायला लागायची. बाई सगळ्यांना हसून एकच उत्तर द्यायच्या, "पाठ जिथल्या तिथे आहे. फॉर्म ठेवून जा."

बाई बालवर्गाच्या मोठ्या गटाला शिकवायच्या, सलग एकतीस वर्षं. त्यांच्या वर्गातून मुलं पहिलीत जायची, आणि ज्यांना परवडायचं, किंवा ज्यांना काहीही करून परवडवायचंच होतं, ते सगळे टेकडीवरच्या खासगी शाळेत अर्ज करायचे. ती शाळा मुलांची परीक्षा घेत नसे. "पाच वर्षांच्या जिवाची कसली परीक्षा?" असं तिथले लोक अभिमानाने सांगायचे. त्याऐवजी ते मुलाच्या शिक्षिकेकडून शिफारस मागवायचे. दोन पानांचा फॉर्म. पहिल्या पानावर प्रश्न आणि पुढे चौकोन: मूल आईपासून सहज सुटं होतं का, आपली पाळी येईपर्यंत थांबतं का, पालक सांगितलेलं ऐकतात का. दुसरं पान कोरं. त्यावर एवढीच ओळ: या मुलाबद्दल आम्हाला काय माहीत असायला हवं? बाईंनी ते भरायचं, पाकीट चिकटवायचं, चिकटवलेल्या जागेवर सही करायची आणि थेट शाळेकडे धाडायचं. आम्ही हे कधीही बघायला मागणार नाही, असं आईबापांनी आधीच लिहून द्यायचं.

बाईंचं ते दुसरं पान नावाजलेलं होतं. गोडगोड लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि मुलाला कमी लेखणंही नव्हतं. 'हा मुलगा हरला की रडतो. रडून झालं की पुन्हा खेळायला येतो, तेही बघा.' एवढंच लिहायच्या, आणि मूल डोळ्यांसमोर उभं राहायचं. टेकडीवरच्या शाळेत प्रवेशाचं काम बघणाऱ्या अधिकारीणबाईंनी एकदा मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, "तुमची पाकिटं आम्ही सगळ्यांत आधी फोडतो." बाईंनी ते घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा निवृत्त बसचालक, शब्द मोजून वापरणारा. तो म्हणाला, "म्हणजे गाडी तुझ्या हातात आहे तर." बाईंना ते ऐकून बरं वाटलं होतं.

त्या वर्षी अकरा फॉर्म आले. त्यांतला एक मुंगीचा आणि एक झिपरीचा.

ही नावं बाईंनीच ठेवलेली. वर्गात एकाच नावाची चार-चार मुलं असायची, म्हणून पहिल्याच आठवड्यात बाई प्रत्येकाला टोपणनाव देऊन मोकळ्या व्हायच्या, आणि वर्षभर वर्गात तेच चालायचं. मुंगी सगळ्यांत लहानखुरी. इतकं कमी बोलायची की पहिले दोन महिने तिचा आवाज कसा आहे तेच बाईंना कळलं नव्हतं. पण हात सतत कामात. खडू सांडले की रंगाप्रमाणे लावून ठेवणार, कुणाच्या बाटलीचं झाकण निघत नसेल तर न सांगता जाऊन काढून देणार. एक दिवस बाईंच्या लक्षात आलं की ती फळ्याखाली चिकटवलेल्या मोठ्यांसाठीच्या सूचना वाचते. कुणी शिकवलं नव्हतं. तिची आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि घरात त्या दोघीच. टेकडीवरच्या शाळेत दर वर्षी फी माफीची एकच जागा असते. आईने अर्ज केला होता तो त्या जागेसाठी.

झिपरीचं सगळंच उलट. केस कायम डोळ्यांवर, आवाज पार फाटकापर्यंत. बापाचं फरशांचं दुकान. घरात जुळी भावंडं आली, आई त्या दोघांत गुरफटली, आणि तेव्हापासून झिपरी चावायला लागली. मुलांना, बाईंना, एकदा तर खुर्चीलाही. बाईंनी तिच्यावर सहा महिने मेहनत घेतली. राग आला की ओला स्पंज मुठीत पिळायचा, हे शिकवलं. आठवड्यातून चार वेळा चावणारी पोर एकावर आली होती.

वर्गात दुसरं मोठं माणूस म्हणजे मावशी. पोरांची नाकं पुसणं, वर्ग झाडणं, डबे उघडून देणं, सगळं त्यांच्याकडे. बावीस वर्षं दोघी एकत्र होत्या. गेल्या वर्षापासून मावशींनी आणखी एक काम आपणहून अंगावर घेतलं होतं, ज्याबद्दल दोघींपैकी कुणीच बोलायचं नाही. बाई हजेरी घेताना अडखळल्या की मावशी मागून झाडू मारता मारता नाव पुटपुटायच्या. एखादी आई दारात आली की मावशी आधीच म्हणायच्या, "बाई, आपल्या झिपरीची आई आलीय हं." वयाचा परिणाम, असं बाई स्वतःला सांगायच्या. टोपणनावं तोंडपाठ होती, चेहरे तोंडपाठ होते, कोण कशाने रडतं तेही. फक्त रजिस्टरातली खरी नावं हातातून निसटायची. बाईंच्या आईचं विसरणंही आधी नावांपासूनच सुरू झालं होतं. पण ते आठवलं की बाई घाईने दुसरं काहीतरी हातात घ्यायच्या.

फॉर्म भरायच्या पंधरवड्यातच मावशींची लेक बाळंत झाली आणि मावशी रजेवर गेल्या. बाई मुलं गेल्यावर वर्गातल्या बुटक्या टेबलाशी, गुडघे पोटाशी घेऊन, एकट्या लिहीत बसायच्या. फॉर्मवर मुलाचं पूर्ण नाव ऑफिसात आधीच छापलेलं असायचं. बाई नाव बघायच्या, डोळे मिटून मुलाला समोर आणायच्या आणि लिहायला लागायच्या. चार दिवसांत अकरा पाकिटं झाली. प्रत्येकाची एक झेरॉक्स नेहमीप्रमाणे आपल्या फाइलीत लावली आणि बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांच्या मते त्या वर्षीचं लिखाण चांगलं उतरलं होतं.

दोन महिन्यांनी शाळेची पत्रं आली. अकरांपैकी नऊ जणांना प्रवेश. झिपरीचा बाप पेढ्यांऐवजी फरशीचा एक नमुना घेऊन आला, "बाई, तुमच्या स्वयंपाकघराला सांगा, लावून देतो." बाईंनी त्याला हसत हसत परत पाठवलं. मुंगीला मात्र नकार होता. बाईंना वाईट वाटलं, पण फी माफीची जागा एकच, आणि त्यासाठी किती जण रांगेत असतील कोण जाणे, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

पुढच्या आठवड्यात, शाळा सुटायच्या वेळी, मुंगीची आई आली. कामावरून तशीच आली होती, गळ्यात लॅबचं ओळखपत्र. मुंगीला तिने अंगणात घसरगुंडीपाशी थांबवलं आणि दार लोटून घेतलं.

"बाई, मी टेकडीवर जाऊन आले," ती म्हणाली. "आत सोडत नव्हते. तीन तास बसले. शेवटी तिथल्या कारकुनाला दया आली. म्हणाला, तुमच्या शिक्षिकेनंच लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"की मुलगी चावते. आणि घरात जुळी भावंडं आहेत, ते मी अर्जात लपवलं." ती बाईंकडे टक लावून बघत होती. "माझ्या घरात आम्ही दोघीच आहोत, बाई. जुळी कुणाची?"

 जुळी कुणाची ते बाईंना त्याच क्षणी कळलं. कसं झालं ते कळलं नाही, पण काय झालं ते लख्ख कळलं. आणि तोंडातून निघालं ते असं: "शाळेनंच काहीतरी घोळ घातला असणार. मी असं कशाला लिहीन? मी चौकशी करते."

"खरंच?"

"अहो, मुंगी कुणाला चावेल का? तुम्ही निर्धास्त जा."

आईने मान हलवली. तिचा चेहरा थोडा सैल झाला. बाहेर जाऊन तिने मुंगीचा हात धरला आणि दोघी फाटकातून गेल्या. जाताना मुंगीने मागे वळून हात हलवला. बाईंनीही हलवला.

मग त्यांनी फाइल काढली. मुंगीच्या खऱ्या नावाखाली त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'घरात जुळी भावंडं आल्यापासून ही मुलगी चावू लागली आहे. राग मुठीत धरायला शिकते आहे, पण अजून वेळ लागेल. मोठ्या वर्गात तिच्यासाठी एक माणूस वेगळं लागेल.' आणि झिपरीच्या खऱ्या नावाखाली: 'ही बोलत नाही, म्हणून तिला काही येत नाही असं समजू नका. ती वाचते. माझ्या एकतीस वर्षांत इतकं शहाणं मूल मी फार थोडं पाहिलं.' दोन्ही पानं सुरेख होती. एकही शब्द खोटा नव्हता. फक्त ज्याचं त्याला गेलं नव्हतं.

बाईंनी आधी कुणी पानं बदलली असतील का म्हणून बघितलं. सही त्यांची, तारीख त्यांची, शाई त्यांचीच. उरलेली नऊ पानं त्यांनी ऑफिसातलं फोटो लावलेलं रजिस्टर शेजारी ठेवून एकेक ताडून पाहिली. ती बरोबर होती, पण प्रत्येक पानाला त्यांना रजिस्टरात दोन-दोनदा बघावं लागलं, आणि हे ताडणं आपल्याला इतकं जड जातंय हे बघून त्यांनी रजिस्टर मिटलं.

रजेवरून कधीच परतलेल्या मावशी टेबलं पुसत होत्या. बाईंनी त्यांना पानं दाखवली. मावशींना वाचता जेमतेम यायचं. बाईंनीच वाचून दाखवलं. मावशी खाली, मुलांच्या सतरंजीवर बसल्या.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "मी जायला नको होतं."

"लेक बाळंत होती तुमची. तुम्ही काय करणार?"

"तसं नाही बाई. वर्षभर बघतेय मी. तुम्ही दोनदा मला माझंच नाव विचारलंत. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं मी आहे ना मागे, भागेल. झाकून ठेवलं मी." त्या रडायला लागल्या. बाईंना रडू आलं नाही. आपण मावशींना त्यांचं नाव विचारलं होतं, हे त्यांना आता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी बाई मॅडमच्या खोलीत गेल्या. बालवर्ग मॅडमचा स्वतःचा, त्यांनीच उभा केलेला. मॅडमनी दोन्ही पानं वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मावशींना. आणि आता तुम्हाला."

"मग तिघींतच राहू दे."

"मॅडम, त्या पोरीचा काय दोष?"

"काहीच नाही. वाईट झालं, फार वाईट झालं. पण तुम्ही तिथे जाऊन 'माझी चूक झाली' म्हणालात, तर ते पहिला प्रश्न काय विचारतील? बाकीच्या दहांचं काय? दहाही फॉर्म केराच्या टोपलीत. झिपरीची जागा तर उभ्या उभ्या जाईल. त्या पोरीने काय पाप केलंय? एकीसाठी दहा पोरांना पाण्यात ढकलणार तुम्ही?" मॅडमचा आवाज मऊ झाला. "आणि बाई, तुमचं स्वतःचं काय होईल, त्याचाही विचार करा. मुंगीसाठी मी दुसरी शाळा बघते. माझ्यावर सोडा."

बाई उठल्या. मॅडमचं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं, पण ऐकून बरं वाटलं होतं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली. बाहेर येऊन त्या मावशींना म्हणाल्या, "काही झालं तरी मी जाणार. सोमवारी जाते."

सोमवारी त्या गेल्या नाहीत. पाऊल उचललं होतं, पण एका मुलाला ताप आला आणि त्याची आई येईपर्यंत दुपार झाली. मंगळवारी त्या बसथांब्यापर्यंत गेल्या आणि टेकडीची बस समोरून जाऊ दिली. तिथे गेल्यावर काय बोलावं लागेल ते त्यांनी मनात म्हणून बघितलं होतं: 'मला नावं आठवत नाहीत.' हे वाक्य त्यांनी अजून नवऱ्यालाही म्हटलं नव्हतं. बुधवारी आणि गुरुवारी मुंगी वर्गात त्यांच्या जवळ येऊन बसली, नेहमीसारखी, न बोलता. बाईंनी तिला खडूंचा डबा दिला आणि नजर दुसरीकडे वळवली.

शुक्रवारी मावशींनी विचारलं, "बाई, जाऊन आलात का शाळेत?"

"कुठल्या शाळेत?" बाई म्हणाल्या.

मावशींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. बाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग त्यांना आठवलं. पुढे कितीदा तरी त्यांनी स्वतःला विचारलं, की त्या चार दिवसांतलं भ्यायलेलं किती आणि विसरलेलं किती. ते त्यांना कधी सांगता आलं नाही.

"उद्या मी येते तुमच्याबरोबर," मावशी म्हणाल्या. "हात धरून नेते."

शनिवारी सकाळी दोघी टेकडीवर गेल्या. अधिकारीणबाईंनी उठून स्वागत केलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं. बाईंनी झेरॉक्स टेबलावर ठेवल्या आणि एका दमात सगळं सांगितलं. कुठेही सारवासारव केली नाही. पाणी आलं ते तसंच राहिलं.

"आम्हाला खटकलं होतं," अधिकारीणबाई हळूच म्हणाल्या. "अर्जात आई लिहिते, एकुलती एक. तुम्ही लिहिता, जुळी भावंडं. आमच्या बैठकीत यावर बोलणं झालं."

"मग मला एक फोन का नाही केलात?"

"कारण लिहिलेलं तुम्ही होतं. तुमचं कधी चुकत नाही. आम्ही धरून चाललो की आईच खोटं बोलतेय."

 मावशींनी मागून विचारलं, "आता त्या पोरीला घ्या की मग. समजलं ना सगळं?"

"फी माफीची जागा एकच होती," अधिकारीणबाई म्हणाल्या. "प्रतीक्षा यादीतल्या मुलाला परवा दिली, गुरुवारी. त्यांनी होकार कळवला. त्याच्याकडून मी आता काढून घेऊ शकत नाही." त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं, मग बाईंकडे. "बुधवारी आला असतात तरी चाललं असतं."

मावशींनी बाईंचा दंड घट्ट धरला.

"आणि त्या दुसऱ्या मुलीबद्दल, तुम्ही जिला झिपरी म्हणता," अधिकारीणबाई पुढे म्हणाल्या, "आता मला हे कळल्यावर मी न कळल्यासारखं करू शकत नाही. तिला पुन्हा बोलवावं लागेल. सगळ्यांनाच."

"ती सुधारतेय," बाई म्हणाल्या. "मी तिचं खरं पान पुन्हा लिहून देते. आत्ता, इथे बसून."

अधिकारीणबाईंनी मान खाली घातली. त्या वाईट बाई नव्हत्या. "तुमचं लिहिलेलं आता मला धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. "क्षमा करा."

टेकडीवरून खाली आल्यावर मावशी म्हणाल्या, आधी घरी चला, दोन घास खा. बाई म्हणाल्या, नाही, आत्ताच, नाहीतर हेही राहून जाईल. त्या लॅबमध्ये गेल्या. काचेपलीकडे मुंगीची आई एका म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधत होती. सुई टोचण्याआधी तिने त्याला त्याचं पूर्ण नाव विचारलं, नळीवरच्या चिठ्ठीशी ताडलं, मग पुन्हा विचारलं. म्हातारा वैतागला, "आत्ताच सांगितलं ना, बाई!" ती म्हणाली, "आजोबा, दोनदा विचारायचंच असतं. चिठ्ठी चुकली तर दुसऱ्याचं दुखणं तुमच्या नावावर जाईल."

ती बाहेर व्हरांड्यात आली तेव्हा बाईंनी तिला सांगितलं. टेकडीवर सांगितलं तसंच, पण इथे प्रत्येक वाक्याला जीभ जड होत होती. आई हातमोजे काढत ऐकत होती. एक काढला, दुसरा तसाच राहिला.

"मी त्या दिवशी तुमच्याकडे आले होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात शाळेचा घोळ आहे. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"लगेच कळलं होतं?"

"तुम्ही जुळी म्हणालात, तेव्हाच."

आईने दुसरा हातमोजाही काढला. "मी पहिल्यांदा फोन केला ना त्यांना," ती म्हणाली, "तेव्हा कारकुनानं एवढंच सांगितलं, की मुलगी चावते, बाईंनी लिहिलंय. जुळ्यांचं नंतर कळलं. त्या संध्याकाळी मी हिला विचारलं, कुणाला चावलीस? ती बोलेना. तुम्हाला माहीत आहे ती कशी आहे. मी पुन्हा विचारलं. बोलेना. मला वाटलं, बाई खोटं लिहिणार नाहीत. म्हणजे हीच लपवतेय." तिचा आवाज कोरडा होता. "मी मारलं तिला, बाई. आयुष्यात पहिल्यांदा. तर शेवटी ती म्हणाली, हो, चावले. मार थांबावा म्हणून म्हणाली."

बाईंनी तिच्यापुढे हात जोडले. आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"तुम्ही आजारी आहात ते कळतंय मला," ती म्हणाली. "लॅबमध्ये रोज बघते मी आजारी माणसं. पण त्या दिवशी माझ्याशी जे बोललात, ते आजारानं नाही बोललात." मग ती आत गेली आणि काचेपलीकडच्या पुढच्या माणसाला नाव विचारू लागली.

पुढचं सगळं भराभर झालं. झिपरीला शाळेने परत बोलावलं. परक्या खोलीत, परक्या तीन माणसांसमोर, आई जुळ्यांना घेऊन बाहेर बसलेली. झिपरी टेबलाखाली शिरली आणि तिला बाहेर काढायला आलेल्या हाताला चावली. तिची जागा गेली. बाकीच्यांपैकी आणखी एका मुलाची जागाही गेली. झिपरीचा बाप बाईंच्या घरी आला तेव्हा आरडाओरड करायला आला होता, पण दारातच त्याचा आवाज बसला. "तुमची चूक झाली, मान्य," तो म्हणाला. "पण त्या चुकीनं माझ्या पोरीचं भलं होत होतं. तुम्हाला तोंड उघडायची काय गरज होती? त्या दुसरीला तर जागा मिळालीच नाही. मग फायदा कुणाचा झाला, सांगा ना."  नवऱ्याने त्याला पाणी दिलं. तो प्यायला आणि गेला.

मॅडमनी बाईंना महिन्याच्या आत मोकळं केलं. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं नोटीस बोर्डावर लागलं. मॅडम त्यानंतर बाईंशी बोलल्या नाहीत. मुंगीसाठी दुसरी शाळा बघायचंही त्यांनी नंतर मनावर घेतलं नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आणि बाईंच्या आईच्या आजाराचं जे नाव होतं तेच सांगितलं. नवरा परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच भरभरून बोलला, औषधांबद्दल, चालण्याबद्दल, दुपारी झोपू नको म्हणून. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

मुंगी सरकारी शाळेत पहिलीत गेली. वर्गात साठ मुलं. तिथल्या मास्तरांनी तिला मतिमंद समजून मागच्या बाकावर बसवलं, असं मावशींच्या कानावर आलं. आईने जाऊन भांडण केलं तेव्हा दुसऱ्या बाकावर आली. बोलत मात्र ती आता घरीसुद्धा कमीच.

पुढच्या वर्षी बाईंच्या आठवणींतलं बरंच गेलं. मावशी दर रविवारी यायच्या, भाजी निवडत बसायच्या. बाई प्रत्येक रविवारी कधी ना कधी विचारायच्याच, "मावशी, मुंगीला घेतलं ना हो त्या शाळेत?" आणि मावशी खरं सांगायच्या. मग बाईंना पहिल्यांदाच ऐकल्यासारखा धक्का बसायचा. "का? मी तर इतकं चांगलं लिहिलं होतं!" मग थोडं थोडं आठवायचं, आणि उरलेला दिवस त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या.

नवऱ्याला ते बघवेना. एकदा त्याने मावशींना जिन्यातच गाठलं. "एवढं एकदा 'घेतलं' म्हणा. काय जातं आपलं? तिला कुठे उद्या आठवणार आहे?"

मावशींनी त्या रविवारी तसं म्हटलं. "हो बाई, घेतलं मुंगीला."

बाईंचा चेहरा उजळला. किती दिवसांनी त्या अशा हसल्या होत्या. "घेतलं? मग तिच्या आईला सांगायला हवं! ती बिचारी माझ्याकडे विचारायला आली होती, मी काहीतरीच बोलले तिला." त्या उठल्या, खुंटीवरची पिशवी घेतली आणि चपला शोधायला लागल्या. "चला मावशी, लॅब बंद व्हायच्या आत जाऊ."

नवरा दाराला पाठ लावून उभा राहिला. "अगं, नंतर जाऊ." त्या ऐकेनात. त्यांनी एक चप्पलही घातली.

मावशींनी हातातली भाजी खाली ठेवली आणि त्या बाईंपाशी गेल्या. "नाही घेतलं, बाई," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. बसा."

बाई एका पायात चप्पल घालून खुर्चीवर बसल्या. "नाही घेतलं?"

"नाही."

"का?"

मावशी खाली बसल्या, त्यांच्या पायातली चप्पल काढली आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.